दोन चाकांचं एकमत

दर शनिवारी सकाळी नाना हवालदार कुपवाडच्या वाण्याकडून थोडं तेल आणि शेंदराची पुडी आणायचे. फौजेतून परतलेला माणूस, कपाळाला कधी गंध नाही, देवळाची पायरी कधी चढलेला नाही, पण शनिवारचा शेंदूर चुकायचा नाही. त्यामुळे आमच्या आळीत त्यांच्या मारुतीभक्तीचा मोठा बोलबाला होता. परसात त्यांनी स्वतःपुरता एक मारुती बसवला आहे, असंही काहीजण खात्रीनं सांगत.

मी त्यांच्याच घरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो, त्यामुळे मला तो मारुती माहीत होता. ते त्यांच्या जीपच्या मागच्या आसातलं दातेरी चाक होतं. तेलात कालवलेला शेंदूर नाना त्या चाकाच्या दातांना फासायचे, चाक फिरवायचे आणि शेंदूर कुठं पुसला गेला ते डोळे बारीक करून बघायचे. दाताला दात नेमका कुठं टेकतो, ते त्यावरून कळतं. एकदा ते चाक तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून नाना जेवायला गेले. येऊन बघतात तर चाकापुढं नारळ फोडलेला, उदबत्ती लावलेली आणि शेजारच्या दोघीजणी डोळे मिटून उभ्या. नानांनी त्यांची पूजा शांतपणे पुरी होऊ दिली. मग चाक उचललं, खोबरं माझ्या हातावर ठेवलं आणि कामाला लागले.

जीप लष्कराच्या लिलावातली होती. नाना फौजेत अशाच गाड्या दुरुस्त करायचे, म्हणून निवृत्त झाल्यावर जुनी ओळख असल्यासारखे तिला घरी घेऊन आले. आठवडाभर ते एका कारखान्यात लेथ चालवत आणि रविवारी सबंध दिवस जीपखाली असत. बाहेर फक्त खाकी चड्डी आणि दोन पाय दिसायचे. मी चहाचा कप त्या पायांशी नेऊन ठेवायचो आणि पायांशीच गप्पा मारायचो.

गप्पांचा विषय एकच. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोन्ही चाकांना आपापल्या चालीनं फिरू देणारा एक जोड आसाच्या मधोमध असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. रस्त्यावर त्याच्यासारखं शहाणं काही नाही. पण खाचखळग्यात एक चाक अधांतरी झालं की इंजिनाचं सगळं फिरणं त्याच चाकाला जातं. ते हवेत गरागरा फिरतं आणि जमिनीवरचं बिचारं जागचं हलत नाही. नानांना या अन्यायाची मनापासून चीड होती. "जे रिकामटेकडं हाय त्येलाच समदं," ते खालून म्हणायचे, "आन् ज्येच्या अंगावर भार, त्यो तसाच उभा. हे न्हाई चालायचं, भाऊसाहेब. दोनी चाकांचं एकमत पायजे."

रविवारच्या त्या दुपारी मला अजून आठवतात. कानसेचा खर्र खर्र आवाज एका लयीत चालायचा, तेलाचा वास उन्हात दाटून यायचा आणि माझे डोळे मिटायचे. मधेच जीपखालून एखादं वाक्य यायचं. ते नाना बोलले की मला स्वप्न पडलं, हे कळायचं नाही. घराच्या आतल्या अंगाला उंबऱ्याशी नानांची बायको, म्हणजे आमच्या काकी, बसलेल्या असायच्या. त्या काही निवडत, नाहीतर नुसत्याच त्या दोन पायांकडं बघत.

काकी माण तालुक्यातल्या. माहेर मेंढरांचं. लग्नाआधी आणि नंतरही, नाना फौजेत असताना, त्या भावाबरोबर मेंढरांमागं माळ तुडवत हिंडल्या होत्या. पुढं गुडघे गेले. कुपवाडला आल्यापासून घर आणि अंगण एवढाच त्यांचा मुलूख उरला होता.

एकदा मी विचारलंच, की नाना, तुम्हाला कुठला गड सर करायचा आहे? खाली कानस थांबली. मग नाना हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही असं बोलले. काकींच्या माहेरच्या गावामागं एक टेकडी आहे, तिच्यावर मोठा माळ. त्यांचा भाऊ अजून तिथं मेंढरं चारतो. "तिचा जीव हाय त्या माळावर. आता चालवत न्हाई तिला. येकदा वर न्यायची हाय." लगेच कानस दुप्पट जोरानं चालू झाली.

एक प्रयत्न आधीच फसलेला होता. काकींना शेजारी बसवून नाना निम्म्या चढापर्यंत गेले आणि एक चाक उचललं गेलं. ते हवेत भिरभिरत राहिलं. काकींना खाली उतरवून गाडी मागं घ्यावी लागली. ते नानांच्या फार जिव्हारी लागलं होतं, म्हणून आता काकींसमोर ते त्याचं नाव काढत नसत.

घरी येऊन त्यांनी रागाच्या भरात डिफरन्शियलला सरळ वेल्डिंग मारलं. आता दोन्ही चाकं जन्माची बांधली गेली. एकमत इतकं पक्कं झालं की गाडी वळायलाच तयार होईना. सांगलीच्या बाजारात पहिल्याच वळणावर टायर असे किंचाळले, की लोक दुकानांतून बाहेर आले. त्या दिवशी नाना मला स्टेशनवर सोडायला निघाले होते. वळणं टाळत टाळत आम्ही मिरजेच्या वाटेला लागलो आणि माझी गाडी चुकली. "येकमत बरं, पर वळताना सैल सोडाया पायजे," एवढंच ते परतताना म्हणाले.

मग कुणा जुन्या दोस्तानं मुंबईच्या भंगार बाजारातून मोडीत निघालेल्या विलायती लष्करी गाडीची दोन कुलपं पाठवली. कुलूप म्हणजे डिफरन्शियलच्या पोटात बसणारी दातेरी कडी. दांडा ओढला की दोन्ही चाकं बांधली जातात, सोडला की मोकळी. नानांच्या आनंदाला पारावार उरला नाही. फक्त ती कुलपं जीपसाठी बनलेलीच नव्हती. मग कानस, पातळ पत्र्याच्या चकत्या, शेंदूर, पुन्हा कानस. मागचं बसायला एक पावसाळा गेला, पुढच्याला दुसरा. वाण्यानं त्यांना भक्तीबद्दल एक पुडी फुकट दिली.

अखेर एका थंडीत आम्ही निघालो. मागच्या चाकांवर वजन हवं म्हणून मला बरोबर घेतलं होतं. माझ्या अंगाचा असा उपयोग पहिल्यांदाच होत होता. काकी पुढं, मांडीवर घोंगडी घेऊन बसल्या होत्या. दहिवडी मागं पडली, शेतं विरळ झाली आणि टेकडी आली. नानांनी दोन्ही दांडे ओढले. पहिल्या खाचेत पुढचं एक चाक उचललं गेलं, त्याच्या तिरप्या बाजूचं मागचंही उचललं गेलं. मी डोळे मिटून घेतले. पण गाडी थांबली नाही. जमिनीवरच्या चाकांनी दगड धरले आणि जीप एखाद्या गाभण म्हशीसारखी सावकाश वर वर गेली.

माळावर नुसता वारा होता आणि वाळल्या गवताचा पिवळा उजेड. लांबवर मेंढरं ढगाच्या सावलीसारखी सरकत होती. आपण जागे आहोत की नाही, असं मला पुन्हा एकदा वाटलं. काकींना उतरवून आम्ही घोंगडीवर बसवलं. त्यांनी ओठ आवळून एक लांब आवाज काढला. तिकडं दोनचार माना वर झाल्या, पण मेंढरं आली नाहीत. ही नवी मेंढरं होती, त्यांना काकींची ओळख नव्हती. काकी हसल्या.

नाना हातात पाना घेऊन जीपखाली शिरायच्या बेतात होते. "डिफरन्शियलचा गोळा तापलाय का बघतो," म्हणाले. मग तिथूनच त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, "बरं वाटलं न्हवं? ह्येच्यासाठीच चाललं हुतं समदं."

"लय बरं वाटलं," काकी म्हणाल्या. "पर आवं, माळ सुटला त्येचं मला येवढं कवाच वाटलं न्हाई. तुमी घरात आसून घरात नसायचा, त्येचं वाटायचं. मला येकटीला करमत न्हाई."

नाना अर्धे वाकलेले तसेच राहिले. मला तिथं असल्याची फार लाज वाटली.

"कवापासनं गं?" त्यांनी विचारलं.

"तुमी फौजंत गेला तवापासनं."

नानांनी पाना गवतात ठेवला. हात चड्डीला पुसले आणि घोंगडीच्या कडेला, काकींच्या शेजारी जाऊन बसले. जीपचं इंजिन चालूच राहिलं होतं. शेवटी मीच उठलो आणि ते बंद केलं.