मिस्त्रीच्या हातांना रजा

मशीनने पुन्हा नकार दिला, तेव्हा काउंटरवरच्या कारकुनाने मिस्त्रीचा अंगठा धरून स्वतःच काचेवर दाबला, पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"तुमच्या बोटांवर काहीच नाहीये हो."

"हात धुऊन आलोय मी," मिस्त्री म्हणाला.

"मळाचं नाही म्हणत. ठसेच नाहीत. पार घासून गेलेत. काम काय करता?"

"फरशी बसवतो."

"मग बरोबर आहे," कारकून म्हणाला, पण त्यात मिस्त्रीला बरं वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

प्रकरण असं होतं की मिस्त्रीची बायको परदेशात एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागली होती, त्याला वर्ष होत आलं होतं. तिच्या परवान्यावर नवऱ्याला नेता येत नव्हतं. शेवटी तिनेच शोधून काढलं की वर्किंग हॉलिडे व्हिसा नावाची एक सोय असते. देश बघायचा आणि खर्चापुरतं कामही करायचं. "सुट्टीत पण कामच करायचं, तर सुट्टी कशाला म्हणायचं तिला?" असं मिस्त्रीच्या वडिलांचं म्हणणं पडलं. ते निवृत्त बसड्रायव्हर होते आणि सुट्टीच्या बाबतीत त्यांची मतं पक्की होती. पण खरी मेख वयात होती. तिसावं संपायच्या आत ठसे जमा झाले नाहीत तर अर्ज बाद, आणि मिस्त्रीचं एकतिसावं पुढच्याच महिन्यात उजाडत होतं.

"हातांना आराम द्या," कारकून हळू आवाजात म्हणाला. "कातडी भरून येते. पंधरवड्याने एक तारीख देतो. ती मात्र शेवटची."

घरी आल्यावर सगळी सूत्रं आईने हातात घेतली. मिस्त्रीच्या हातात काही ठेवायचंच नव्हतं. तिने त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत क्रीम चोपडलं, वरून पांढरे सुती हातमोजे चढवले आणि जाहीर केलं, "आजपासून कशाला म्हणून हात लावायचा नाही. दाराच्या कडीलासुद्धा."

मग घरात जे सुरू झालं, ते त्याच्या लग्नातही झालं नव्हतं. आई त्याला घास भरवू लागली. शर्टाची बटणं आणि बुटांच्या नाड्या वडिलांच्या वाट्याला आल्या. "हा शाळेत जायला लागला तेव्हा वाटलं होतं, सुटलो एकदाचा," नाडी आवळत ते कुरकुरायचे. "जावईसुद्धा एवढा मिजाशीत राहत नाही."

संध्याकाळी बायकोचा व्हिडिओ कॉल आला की फोनही वडीलच धरायचे. त्यामुळे तिला नवऱ्याचं निम्मं कपाळ आणि छताचा पंखा दिसायचा.

"हात दाखव बघू," ती म्हणायची आणि हातमोजे पाहून हसत सुटायची. मग हसू आवरून म्हणायची, "ड्यूटीवरून आले की अजून दोन कप काढते रे मी. एक तसाच परत ठेवते."

तिची आठवण मिस्त्रीला अशी यायची की जेवण कडू लागायचं, पण वडिलांनी फोन धरलेला असताना हे सांगायचं कसं? ती बोलता बोलता स्वयंपाकघरात फिरायची आणि प्रत्येक फेरीला पायाखाली टक वाजायचं.

"सिंकपुढची टाइल सुटलीय ती," तो नेहमीचा विषय सापडल्यासारखा म्हणायचा. "घरमालकाला सांग."

"सांगते," असं म्हणून ती दुसरंच काहीतरी काढायची.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी त्याच्या कामातल्या जोडीदाराचा फोन आला. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची फरशी अर्ध्यावर होती आणि एकट्याला ती जमत नव्हती. "तू हात लावू नको. नुसता ये आणि तोंडाने सांग," तो काकुळतीला आला.

मिस्त्री निघाला. त्याच्या मागोमाग आई निघाली. दवाखान्यात ती स्टुलावर वर्तमानपत्र घेऊन पहाऱ्याला बसली आणि मिस्त्री हात पाठीमागे बांधून, गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून जोडीदाराला सांगू लागला.

"डावीकडे घे. अजून. अरे, तुझी डावी बाजू नाही, माझी."

एक टाइल जरा तिरकी बसली. मिस्त्रीला ते बघवेना. त्याचा हात आपोआप पुढे सरकला.

"हात," आई वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाली.

त्याने कोपराने टाइल ठोकून सरळ केली आणि गुडघ्यांवरच पुढच्या ओळीकडे सरकला. एरवी तो हातांवर भार देऊन उठायचा, बसायचा. आता तीही सोय नव्हती. असा तो दिवसच्या दिवस गुडघ्यांवर दवाखानाभर फिरला. दात दाखवायला आलेल्यांना वाटलं, बिचाऱ्याला कसली तरी शिक्षा झालीय. फरशी मात्र अशी बसली की डॉक्टर पायातले बूट काढून आत आले.

शेवटची तारीख उजाडली. कारकुनाने एकेक बोट काचेवर ठेवलं आणि प्रत्येक बोटाला मशीनवर हिरवा दिवा लागला. दहाच्या दहा. कारकून इतका खूश झाला की त्याने हस्तांदोलनाला हात पुढे केला. "लांबूनच," आई म्हणाली.

तेवढ्यात मिस्त्रीला आतल्या केबिनमध्ये बोलावणं आलं. आई बाहेर बाकावर बसली. आत टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी पडद्यावर काहीतरी वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"गेल्या खेपेला एकही बोट उमटलं नाही. आज दहाही छापल्यासारखी. गेल्या खेपेला कोण आलं होतं?"

"मीच."

"मग आज कोण आलंय?"

"मीच की, बाई."

"हात दाखवा."

मिस्त्रीने हात पुढे केले. गुलाबी, गुळगुळीत, साबणाच्या जाहिरातीत शोभावेत असे. वर सुवासही येत होता.

"हे हात फरशी बसवणाऱ्याचे? माझ्या हातांपेक्षा मऊ आहेत," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या जागी येणारे आम्ही पुष्कळ पाहतो. चौकशीला पाठवावं लागेल."

"किती दिवस लागतील चौकशीला?"

"लागतील दोन-तीन महिने."

जे हात मिळवण्यासाठी अख्खं घर राबलं, तेच हात मिस्त्रीवर उलटले होते. "बाई, ती तिकडे वर्षभर एकटी आहे हो," तो म्हणाला.

"इथे येणाऱ्या प्रत्येकाचं तिकडे कोणीतरी असतंच," बाई म्हणाल्या, पण कठोरपणे नव्हे.

मिस्त्री वाकला आणि पँट वर गुंडाळू लागला.

"हे काय चालवलंय?"

"रजा हातांना होती, बाई. यांना नव्हती." त्याने पाय खुर्चीवर ठेवला.

बाई टेबलावरून पुढे झुकल्या. गुडघा काळा ठिक्कर पडला होता. त्यावरची कातडी टाचेसारखी जाड झाली होती आणि भेगांत बारा वर्षांचं सिमेंट बसलं होतं. असा गुडघा पंधरवड्यात कमावता येत नाही आणि कोणाकडून उसनाही आणता येत नाही. त्याने पँटचा दुसरा पायही गुंडाळला. दुसरा गुडघा पहिल्याचा सख्खा भाऊ होता.

काचेच्या दारातून आईला एवढंच दिसलं की पोरगा उघड्या हातांनी काहीतरी ओढाताण करतोय. ती तडक आत घुसली. "हातमोजे कुठे टाकलेस? परत ठसे मागितले तर?" तिने पर्समधून क्रीमची ट्यूब काढली, बाईंच्या देखत त्याच्या हातांना चोपडलं आणि हातमोजे चढवले. मिस्त्री पँट गुडघ्यांच्या वर गुंडाळून, एक पाय खुर्चीवर ठेवून निमूट उभा राहिला.

बाईंनी गुडघ्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. त्यांनी चार ओळी टाइप केल्या, कागदावर शिक्का मारला आणि विचारलं, "क्रीम कोणतं हे?"

"क्रीम साधंच आहे," आई म्हणाली. "घरातल्यांनी काही करू द्यायचं नाही, ते मात्र सगळ्यांना जमत नाही."

बाई आपल्या हातांकडे पाहत राहिल्या.

व्हिसा वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात आला. वडिलांनी त्या दिवशी बुटांच्या नाड्या शेवटच्या बांधल्या आणि गाठ जरा जास्तच वेळ आवळत बसले.

विमानतळावर बायकोने धावत येऊन त्याचा हात धरला आणि लगेच सोडला. "हा कोणाचा हात आणलास?"

"तात्पुरता आहे. खरा येईपर्यंत वापर."

तिने तो पुन्हा धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

घर म्हणजे एक खोली आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. मिस्त्रीने बॅग ठेवली आणि सिंकपुढे जाऊन उभा राहिला. पायाखाली टक वाजलं. त्याने वाकून बोटाच्या पेराने टाइल वाजवली. खालून पार पोकळ.

"वर्षभर ओरडतोय मी, मालकाला सांग म्हणून. का नाही सांगितलंस?"

"त्याने दुसरा मिस्त्री पाठवला असता," ती म्हणाली, आणि तिने फळीवरून दोन कप काढले.

मिस्त्रीने खिशातले हातमोजे काढून खिडकीत ठेवले आणि गुडघे टेकले.