दहातोंडे यांचा जाहीर बहिष्कार

रविवारी सकाळी साडेसात वाजता चहात बुडवलेली खारी तोंडापर्यंत यायच्या आत तुटली आणि कपाच्या तळाशी जाऊन बसली. त्याच क्षणी श्रीमंत दहातोंडे यांनी गावावर बहिष्कार टाकायचा निर्णय घेतला. खारीचा गावाशी तसा काही संबंध नव्हता. पण कपाशेजारी आजच्या काठ महोत्सवाची पत्रिका पडली होती, आणि तिच्यात 'सूत्रसंचालन' या शब्दापुढं त्यांच्या नावाऐवजी 'महिला मंडळ' असं छापलेलं होतं.

"महिला मंडळ!" श्रीमंतरावांनी पत्रिका टेबलावर आपटली. "मंडळ कसं करील सूत्रसंचालन? माईक तर एकच असतो!"

"चहा गार होतोय," विजयमालाबाई आतून म्हणाल्या.

काठटाकळी हे नेवासा तालुक्यातलं गाव. तीन बाजूंनी धरणाचा फुगवटा. गावातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही, पण गाव वागतं मात्र खास किनाऱ्यावरचं असल्यासारखं. संक्रांत झाली की तुडुंब पाण्याच्या काठावर मांडव पडतो. होड्यांची शर्यत, भाकरी थापायची स्पर्धा, हळदीकुंकू, सत्कार, जेवण, सगळं एकाच दिवशी. आणि गेली एकोणीस वर्षं या सगळ्याचा माईक श्रीमंतरावांच्या हातात होता. हायस्कुलात ते हेडक्लार्क, गावाचे 'भाऊसाहेब'. (वर्षभर हेडमास्तर बोलणार आणि ते 'होय सर' म्हणणार. त्याची भरपाई या एका दिवसात.) हार घालायच्या आधी चार ओळी, हार घातल्यावर सहा ओळी, सगळ्या स्वतःच्या. एका वर्षी त्यांनी पाहुण्यांचा परिचय सुरू केला आणि तो संपायच्या आत पाहुणे गाडीत बसून निघून गेले. परिचय मात्र त्यांनी पूर्ण केला.

त्यांनी तणतणत महोत्सव मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांना फोन लावला.

"आप्पासाहेब, पत्रिका मिळाली."

"मिळाली ना? झकास! छपाई कशी वाटली?"

"छपाई चांगली हाय. मजकूर चुकलाय."

"व्हय, उद्घाटनातल्या 'द'चा पाय मोडायचा ऱ्हायलाय. मी झापलंय प्रेसवाल्याला."

"आवो, एकोणीस वर्षं!"

"तेच म्हनतो मी! लई झालं. म्हनलं भाऊसाहेबांना बी जरा आराम... हॅलो? हॅलो? काठावर रेंज न्हाई बगा." आणि फोन बंद. (रेंज नसताना 'रेंज नाही' हे वाक्य मात्र कसं खणखणीत ऐकू येतं, ते कंपनीलाच माहीत.)

आता श्रीमंतरावांच्या डोक्याची शीर टरटरून फुगली. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"या घरातलं कुनी बी आज त्या काठावर पाय ठेवनार न्हाई. हा माझा जाहीर बहिष्कार हाय!"

"जाहीर म्हंजे कुनाकुनाला सांगितला?"

"सध्या तुला."

"आवो, पन मी आज..."

"मधी बोलू नको!"

विजयमालाबाईंनी पदराला हात पुसले, नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. पण या बाईच्या 'बरं'चे दोन अर्थ असतात आणि ते एकमेकांच्या अगदी उलटे असतात, हे श्रीमंतरावांना अजून कळलेलं नव्हतं.

बहिष्कारात एक अडचण होती. माणूस घरात बसून राहिला तर तो बहिष्कार टाकून बसलाय की पोट बिघडून, हे गावाला कळणार कसं? तेव्हा त्यांनी ठरवलं की गावाच्या डोळ्यांदेखत गाव सोडायचं. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचा, हातात बॅग घ्यायची, ऐन गर्दीतून जायचं आणि होडीत बसून पलीकडच्या काठाला बहिणीकडे, झुंबरबाईकडे, दिवस काढायचा. (होडीत बसायला काठावर पाय ठेवावाच लागतो. बहिष्काराच्या मसुद्यात ही तांत्रिक चूक राहून गेली होती.)

दहाच्या सुमाराला ते निघाले. विजयमालाबाई घरात दिसल्या नाहीत. शेजारी गेली असेल, असं म्हणून त्यांनी कडी लावली. मांडवापाशी त्यांनी चाल मुद्दाम धीमी केली. 'कुठं निघालात भाऊसाहेब?' असं कुणीतरी विचारणार, आणि मग आपण थंडपणे 'महत्त्वाचं काम आहे' म्हणणार, अशी सगळी तयारी. विचारलं कुणीच नाही. एकजण मात्र धावत आला आणि म्हणाला, "बरं झालं आला. तेवढ्या चार खुर्च्या उचलू लागा." श्रीमंतरावांनी रागारागानं चार खुर्च्या उचलून दिल्या आणि ते घाटाकडे गेले.

घाटावर अल्लाबक्ष आपल्या इंजिनच्या होडीतलं पाणी उपसत बसला होता. या काठाची माणसं त्या काठाला नेण्यात त्याची वीस वर्षं गेली होती.

"आज न्हाई जमायचं, भाऊसाहेब. शर्यत हाय. मंडळानं सांगितलंय, मधी होडी घालायची न्हाई."

"मंडळावर मी बहिष्कार टाकलाय!"

"तुमी टाकलाय. मी कुठं टाकलाय?"

"अल्लाबक्ष, मला या गावात एक मिनिट थांबायचं न्हाई!"

अल्लाबक्षनं त्यांच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं इंजिन चालू केलं. "शर्यत सुटायच्या आत पलीकडं टाकतो. पन उभं ऱ्हायचं न्हाई, बसून घ्या."

होडी निम्म्या पाण्यात आली असेल नसेल, तेवढ्यात काठावरचा लाऊडस्पीकर खरखरला.

"हॅलो. ऐकू येतंय का? येतंय. मंग सुरू करू. पाहुन्यांना पुढं दुसरा कार्यक्रम हाय, आन् आपल्याला बी घरी म्हशी हायेत. तवा हारतुरे लगी लगी उरकून घेऊ."

काठावर हशा उसळला, टाळ्या पडल्या. श्रीमंतराव कडवट हसले. "ऐकलंस? याला म्हणतात सूत्रसंचालन! ना चारोळी, ना स्वागत. 'पाहुने' म्हणे! 'ण' कुठं गेला? कोण बाई उभी केली आहे ही?" (रागाच्या भरातही माईकचा विषय निघाला की त्यांची भाषा आपोआप शुद्ध व्हायची.)

अल्लाबक्षनं सुकाणूवरचा हात तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, खरंच वळखलं न्हाई?"

"कोण आहे?"

"वहिनी हायेत की!"

श्रीमंतरावांनी मान वळवून मांडवाकडे पाहिलं. हा आवाज ते सव्वीस वर्षं रोज ऐकत होते. पण सलग चार शब्दांच्या पुढं त्यांनी तो कधी जाऊच दिला नव्हता, मग ओळखणार कसा?

"होडी वळव!" ते ताडकन उभे राहिले.

"खाली बसा!"

"वळव म्हणतो ना!" आणि त्यांनी स्वतःच सुकाणूला हात घातला. अल्लाबक्ष एकीकडे ओढतोय, हे दुसरीकडे. होडी तिरपी झाली आणि सरळ पाणवेलींच्या गचपणात घुसली. इंजिनच्या पंख्याला वेली गुंडाळल्या, दोन उचक्या आल्या आणि इंजिन गप्प झालं. त्याच वेळी काठावर फटाका वाजला. शर्यत सुटली होती.

पाच होड्या पाणी उडवत दोन्ही अंगांनी निघून गेल्या. श्रीमंतरावांचा इस्त्रीचा सदरा भिजून अंगाला चिकटला.

"पिवळा झेंडा पुढं हाय," स्पीकर सांगत होता. "लाल झेंडा मागं हाय, पन हिंमत हाय. आन् मधी एक होडी नुसतीच उभी हाय. तीत एक गृहस्थ बी उभं हायेत. गृहस्थांना इनंती हाय, खाली बसा, पडाल."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, आवो ते भाऊसाहेब हायेत!"

स्पीकरमधून 'अगं बाई!' एवढंच आलं. मग शे-दोनशे गळ्यांतून एकच ओरडा उठला, "नाव घ्या! नाव घ्या!"

"न्हाई बाई."

"घ्याच!"

माईकवर एक हलकं खाकरणं ऐकू आलं. श्रीमंतरावांनी डोळे मिटून घेतले.

"काठावर जमलं गाव, कुनाच्या मनी न्हाई खंत,
मधल्या पान्यात एकलेच रुसले आमचे श्रीमंत!"

असा हशा पिकला, की फुगवट्यावर थंडीपुरते मुक्कामाला आलेले पक्षी थवेच्या थवे उडाले. अल्लाबक्षनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. श्रीमंतरावांनी संतापानं होडीतलं वल्हं उचललं आणि पाण्यावर सपासप मारायला सुरुवात केली. एकाच बाजूनं. होडी जागच्या जागी गरगर फिरू लागली. एकदा त्यांचं तोंड मांडवाकडे, एकदा बहिणीच्या गावाकडे, पुन्हा मांडवाकडे. प्रत्येक वेळी तोंड मांडवाकडे आलं की टाळ्या पडत होत्या.

शेवटी बायकांची शर्यत सुटली तेव्हा अल्लाबक्षची बायको शकिला, वल्हं मारता मारताच, त्यांच्याकडे दोर फेकून गेली. त्यांना ओढत नेऊनही तिचा दुसरा नंबर आला.

"आता मला बी जनमभर ऐकावं लागंल," अल्लाबक्ष कपाळाला हात लावून म्हणाला.

काठाला लागल्याबरोबर श्रीमंतराव ओल्या चपला फचफच वाजवत मंचाच्या मागं गेले. आप्पासाहेबांच्या हाती माईक देऊन विजयमालाबाई बक्षिसांची यादी बघत होत्या.

"मला सांगितलं का न्हाई?"

"तीनदा सांगितलं." यादीवरची नजर त्यांनी काढली नाही. "पैल्यांदा सांगितलं तवा तुमी चारोळ्या पाठ करत हुता. 'हं हं' म्हनला. दुसऱ्यांदा फोनवर हुता, हात वर करून थांब म्हनला. आज सकाळी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर मधी बोलू नको म्हनला."

"पण... आपला जाहीर बहिष्कार हुता!"

"तुमचा हुता." आता त्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे बघून श्रीमंतराव एक पाऊल मागं सरकले. आपल्या घरात आपल्याहून जास्त राग कुणाला येऊ शकतो, ही कल्पनाच त्यांनी कधी केली नव्हती. "एकोनीस वर्षं तुमी वर, आन् मी खाली पैल्या रांगेत. टाळ्या कवा वाजवायच्या ते बी तुमीच सांगनार. गावातल्या बाया भाकरी थापून बक्षीस घ्यायच्या, तर त्यांचं नाव बी तुमच्या कवितेत बुडून जायचं. सरा बाजूला. मला बक्षिसं वाटायचीत."

श्रीमंतराव सरले. शेवटच्या रांगेत, सकाळी स्वतः उचलून दिलेल्या खुर्चीवर जाऊन बसले. रागानं त्यांचा जबडा दुखत होता. भाकरीची स्पर्धा जिंकलेली ज्योती बक्षीस घेऊन निघाली, तर विजयमालाबाईंनी तिला हाताला धरून थांबवलं. "नुसतं पातेलं घेऊन जाऊ नको. काय वाटतंय ते सांग लोकांना." ज्योती लाजली, माईककडे बघत राहिली आणि एकच वाक्य बोलली, "माझी भाकर घरात कुनी चांगली म्हनली नव्हती." आणि खाली उतरली. त्यावर जी टाळी पडली, ती कुणी सांगून पाडलेली नव्हती. एकोणीस वर्षं टाळ्या ऐकलेला कान होता, तेवढा फरक त्यांना कळला. त्यामुळं तर आणखीच राग आला.

सव्वा वाजताच कार्यक्रम संपला. पंगत बसली, आणि त्यांच्या शेजारचे एक आजोबा पहिला घास घेऊन आश्चर्यानं म्हणाले, "आरं, भात गरम हाय!" पानापानावरून तीच कुजबुज फिरली. एवढ्या वर्षांत लोकांना वाटत होतं, महोत्सवाचा भात गारच करतात.

श्रीमंतरावांनी तो भात नुसताच चिवडला.

संध्याकाळी सहा वाजता ते घरात येरझाऱ्या घालत होते. राग होताच, पण दिवसभर ज्याच्यावर काढावा असा माणूस शोधता शोधता तो फिरून त्यांच्यापाशीच आला होता. तीनदा सांगितलं होतं तिनं. तीनदा. शेवटी त्यांनी स्वतः चहा टाकला. (साखर कुठल्या डब्यात असते, हे शोधायला पाऊण तास गेला.) विजयमालाबाई येऊन पलंगावर टेकल्या. श्रीमंतरावांनी कप पुढं केला, घसा साफ केला आणि उभ्या आयुष्यात जे वाक्य उच्चारलं नव्हतं, ते हळूच म्हटलं.

"चुकलं माझं."

विजयमालाबाईंनी चहा फुंकला.

"चुकलं म्हणतो मी. तू बोललीस, ते चांगलं बोललीस."

विजयमालाबाईंनी आणखी एक घोट घेतला. श्रीमंतरावांच्या कपाळाची शीर पुन्हा उठली. "मी एवढं म्हणतोय, अन् तू..."

"काय म्हनताय?" विजयमालाबाईंनी कानात बोट घालून हलवलं. "दिवसभर त्या स्पीकरपाशी उभी हुते, कानाला दडे बसल्यात. जरा मोठ्यानं बोला."

"चुकलं माझं!"

"काय चिकटलं?"

"चिकटलं न्हाई! चुकलं!" एकोणीस वर्षं कमावलेला घसा पणाला लावून श्रीमंतराव गरजले. "माझं चुकलं! माफ कर मला!"

गल्लीत कुणाच्या तरी घरातला मिक्सर बंद पडला. समोरच्या घरातली निकिता खिडकीत आली. तिनं आवाज चढवून सांगितलं, "काकू! काका माफी मागतायत!"

"कशाची?" विजयमालाबाईंनी तितक्याच मोठ्यानं विचारलं.

"काका, काकू विचारतायत, कशाची?" निकितानं निरोप पोचवला. "सविस्तर सांगा!"

आणि बघता बघता गल्लीतल्या आणखी चार खिडक्या उघडल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच श्रीमंत दहातोंडे यांचं भाषण ऐकायला लोक मनापासून उत्सुक होते.