गमरेकाका आणि हिरवी खूण

"मेलाय तो! कधीच मेलाय! तुम्ही अजून त्याला घेऊन कशाला फिरताय?"

गमरेकाका फोनवर असे ओरडले की आमच्या गिरगावातल्या ऑफिसात बसलेले अशील दचकायचे. एका बाईंनी तर चक्क हात जोडले होते. काका बोलत असायचे कोर्टाच्या जुन्या निकालांबद्दल. वरच्या कोर्टानं फिरवला तो निकाल मेला, बाकीचे जिवंत, असा त्यांचा हिशेब.

वकील आपल्या अर्जात जुन्या निकालांचे दाखले देतात. सायटेशन म्हणतात त्याला. ती खरी आहेत का, अजून चालतात का, हे तपासणं काकांचं काम. मी ज्युनिअर वकील म्हणून लागले तेव्हा त्यांची त्यात पंचवीसेक वर्षं गेली होती. निकालाच्या डोक्यावर छापलेल्या सारांशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "लग्नाचा बायोडाटा आहे तो. मुलगा घोरतो हे लिहितात का त्यात?"

म्हणून ते अख्खा निकाल वाचायचे आणि वाचता वाचता त्यातल्या माणसांत अडकायचे. "बघ गं, हिला नवऱ्याची खोली मिळायला एकोणीस वर्षं लागली. मिळाल्यावर राहिली तरी किती दिवस असेल?"

"काका, पान नंबर सांगा ना फक्त," मी म्हणायचे.

ते स्वतः वकील नव्हते. वडिलांची गिरणी बंद पडली आणि कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं. हे ते कधी सांगत नसत. त्यांनी ज्यांच्या चुका काढल्या ते वकील सांगत. "सनद नाही, पण तोरा बघा!"

सायटेशन तपासणारं ॲड-इन, म्हणजे एक छोटं सॉफ्टवेअर, ऑफिसात मी आणलं. वर्डमध्ये बसवायचं, बटण दाबायचं, की प्रत्येक सायटेशनपुढे हिरवी किंवा लाल खूण. काकांना तीन दिवस लागायचे तिथे मिनिटभर. साहेब खूश झाले. काकांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं.

"ह्यानं वाचलं सगळं?"

"तपासलं, काका."

"मी वाचलं का विचारलं."

मी हसले. शिपाईसुद्धा हसला.

त्याच सुमारास मोऱ्यांची केस आली. हिंदमाताला एका दुकानात तीस वर्षं साड्या उलगडून दाखवणारा माणूस. पाठ धरली म्हणून मालकानं एका चिठ्ठीवर घरी बसवलं होतं. अर्ज मी लिहिला. एक उतारा तर असा सापडला की जणू मोऱ्यांसाठीच लिहिलेला. बटण दाबलं. निकाल खरा, जिवंत, उतारा शब्द न् शब्द बरोबर. हिरवी खूण.

सुनावणीच्या आदल्या दिवशी काकांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'हा उतारा म्हणजे कोर्टाचं म्हणणं नव्हे. हरलेल्या वकिलाचा युक्तिवाद आहे. पुढचा परिच्छेद वाच.' मी तो वाचला नाही. हिरवी खूण होती ना. कागद ड्रॉवरमध्ये सरकवला.

दुसऱ्या दिवशी जज्जांनी तो पुढचा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. 'हा युक्तिवाद आम्हाला अजिबात मान्य नाही,' असं त्याचं पहिलंच वाक्य. कोर्टात हशा पिकला. मोरे हरले. बाहेर आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "मॅडम, ते का हसले?"

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये आम्हा दोघांना उभं केलं. "गमरे, मशीनचं सोडा. तुम्ही काय करत होता? बघितलं नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी मान खाली घातली.

"नजरेतून सुटलं, साहेब," काका म्हणाले.

महिनाअखेरीला त्यांना निरोप दिला. शाल, नारळ आणि साहेबांचं भाषण. 'काळाबरोबर चालावं लागतं' वगैरे. सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या असतील.

पंधरा दिवसांनी मी काळाचौकीला त्यांच्या चाळीत गेले. एकच खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बायकोचा हार घातलेला फोटो. इतके महिने शेजारी बसून काकू गेल्याचं मला माहीत नव्हतं. काकांनी चहा केला. घरात कप एकच होता, तो मला दिला.

"खोटं का बोललात, काका?"

"तुझी सनद नवी आहे. डाग लागला की निघत नाही. माझ्याकडे सनदच नव्हती, जाणार काय?"

मला रडू आलं. ते अवघडले. "ए, चहा निवतोय," म्हणाले आणि उठून कपाटातून चार कागद काढले. बारीक, सरळ अक्षर. वाचनालयात रोज जाऊन त्यांनी मोऱ्यांसाठी एक निकाल शोधला होता. अगदी तसाच माणूस, तशीच चिठ्ठी, आणि कामगार जिंकलेला.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलाय. अपिलात लाव. साहेबांना माझं नाव नको सांगू, उगाच बाजूला ठेवतील. तुला सापडला म्हण."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अपिलाचे मुद्दे वाचले आणि खुर्चीत मागे रेलले. "व्वा! कुठून काढलास हा निकाल?"

"मला सापडला, सर," मी म्हणाले.