चौदा प्रश्न आणि एक झोप

कंपनी ड्रायव्हरला पारखून घेते, तर ड्रायव्हरनं कंपनीला का पारखू नये? बारा वर्षं ट्रक चालवल्यावर मला हा शहाणपणा सुचला. त्याआधी वर्षभरात मी तीन कंपन्या सोडल्या होत्या. पहिलीच्या गाड्यांत जॅक नसायचा. दुसरीत सुट्टी मागितली की मॅनेजरला ऐकू येणं बंद व्हायचं. तिसरीचा मालक दर दहा मिनिटांनी फोन करून "कुठं पोचलास?" विचारायचा.

"ही चौथी," बायको म्हणाली. "इथंही जमलं नाही, तर मुकाट्यानं माझ्या भावाच्या दुकानात बसायचं."

मेहुण्याचं गाद्यांचं दुकान आहे. माणूस तसा वाईट नाही, पण दिवसभर "दाजी, जरा ती गादी उचला" ऐकायचं या कल्पनेनंच माझं रक्त आटत होतं.

"या वेळी आधी चौकशी, मग नोकरी," मी ऐटीत सांगितलं आणि वहीत चौदा प्रश्न लिहून काढले. मुलाखत अकराला होती. मी पहाटे चारला उठून तयारी केली आणि आठच्या ठोक्याला यार्डात हजर झालो.

"या वर्षी किती ड्रायव्हर सोडून गेले?" मी गेटवरच्या वॉचमनला विचारलं.

"एक."

"का गेला?"

"म्हातारा झाला."

मी वहीत खूण केली. मग संडास बघितला. साबण होता, आणि कडीही लागत होती. टायरच्या खाचांत नख घालून बघितलं, अर्धं नख आत गेलं. आता राहिली केबिन. ऑफिसच्या खुर्च्या बघून कंपनी कळत नाही, केबिन बघून कळते. एका भरलेल्या ट्रकचं दार उघडंच होतं. माझ्याच्यानं राहवलं नाही, चढलो.

सीट उत्तम होती. सीटच्या मागं झोपायची बर्थ होती. प्रश्न दहावा: पाय मावतात का? चपला काढून बाजूला ठेवल्या आणि आडवा झालो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, मी पाय पसरून अंथरूण पाहत होतो. प्रश्न अकरावा: पडदा उजेड अडवतो का? पडदा ओढून घेतला. चांगलाच अडवत होता.

जाग आली तेव्हा कोणीतरी गुणगुणत होतं. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते आणि अंगाखालची गादी मंद हलत होती. आता खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो असा की धक्के अजिबात बसत नाहीत.

मी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "भाऊ, गाडी कुठं चाललीय?"

ब्रेक लागला. ब्रेकही एक नंबर होते. ड्रायव्हर पिकलेल्या मिशांचा, वडीलधारा माणूस. त्यानं गाडी कडेला घेतली, दोन घोट पाणी प्यायला आणि म्हणाला, "कागद आणायला ऑफिसात गेलो तेव्हा चढलास?"

मी सगळं खरं सांगितलं. वहीही दाखवली. त्यानं ती शांतपणे वाचली.

"आता भेटलाच आहात तर," मी हळूच म्हणालो, "सुट्टी मागितली तर मिळते का?"

"मिळते. बायको दवाखान्यात होती तेव्हा मॅनेजर रोज फोन करून तिची चौकशी करायचा. गाडीची नाही."

चौदाच्या चौदा उत्तरं अशीच होती. असली कंपनी बारा वर्षांत बघितली नव्हती. मी भारावून जातोय तोवर मॅनेजरचा फोन आला. ड्रायव्हरनं स्पीकर लावला.

"काका, निघताना गेटवर कोणी दिसलं का? अकराला येणारा माणूस आलाच नाही," मॅनेजर म्हणाला. "त्याच्या तिन्ही जुन्या कंपन्यांत मी विचारलं होतं. सगळे म्हणाले, गाडी चांगली चालवतो, फक्त चौकशा फार करतो. मला असाच माणूस हवा होता."

काकांनी माझ्याकडं बघितलं.

"तो इथंच आहे, साहेब. माझ्या मागं झोपला होता. न विचारता चढला, पण माणूस वाईट नाही."

मॅनेजरनं लगेच विचारलं,

"यार्डातून निघून किती किलोमीटर झाले?"

"नव्वद."

"म्हणजे गाडी सुरू झाली, गेटवर हॉर्न वाजला, नव्वद किलोमीटर गेली, तरी याला जाग नाही. काका, तुम्हीच सांगा, याच्या हातात स्टिअरिंग कसं देऊ?"

माझे प्रश्न चौदा होते. त्याचा एकच होता, आणि तो माझ्या चौदांना पुरून उरला. खरं सांगतो, डोळे भरून आले. नोकरी गेल्याचं तर होतंच, पण माणूस बरोबर बोलत होता याचं जास्त वाईट वाटलं.

काकांनी मला परतीच्या गाडीत बसवून दिलं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "कशी आहे कंपनी?"

"फार चांगली," मी म्हणालो. "कोणालाही घेत नाहीत."

आता मी मेहुण्याच्या दुकानात असतो. धंदा बरा चाललाय. गिऱ्हाईक आलं की मी म्हणतो, निवांत आडवे होऊन बघा, पाय मावतात का, पाठ टेकते का, सगळं तपासून घ्या. फक्त त्याआधी एक विचारून घेतो, "अकराला कुठं जायचं नाही ना?"