गोंडे मोजा, माणसं नकोत!

“यंदाच्या सहलीत आपल्यातलं एक जरी माणूस हरवलं ना, तर विणायच्या सुया खिडकीतून फेकून देईन!” काकूंनी भर जेवणात जाहीर केलं.

प्रतिज्ञेला कारण होतं. मागच्या हिवाळ्यात तळ्यावर काका हरवले होते. दुपारभर शोधाशोध! सापडले ते भलत्याच कुटुंबाच्या सतरंजीवर, त्यांच्याकडे जेवून, वर वामकुक्षी घेऊन! म्हणून यंदा काकूंनी साऱ्या घराला टोप्या विणल्या. रंग पोपटी, वर लिंबाएवढा जांभळा गोंडा. दोन सुलट, दोन उलट, कानांवर दुहेरी वीण. विणीला नाव ठेवायला जागा नव्हती. रंगाला होती, पण तेवढी कुणाची छाती नव्हती.

काकूंचं एक जुनं दुखणं होतं. त्यांनी विणलेले स्वेटर, मफलर, मोजे घरचे सगळे “काय सुंदर!” म्हणून घेत आणि कपाटाच्या तळाशी घालत. या टोप्या तरी सगळ्यांनी दिवसभर घालाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती.

“मी माणसं मोजणारच नाही, गोंडे मोजणार,” त्यांनी भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही बजावलं. “सगळे गोंडे आत आले की गाडी सोडायची!”

दुपारी तळ्याकाठी ऊन तापलं आणि डोकी खाजू लागली. काकूंना झाडाखाली डुलकी लागलेली पाहून थोरल्या मुलाने टोपी काढली. मग सुनेने, मग नणंदेने, मग नातवंडांनी. काकांनी तर आधीच काढून खिशात कोंबली होती! तेवढ्यात होडीतून उतरलेला आजी-आजोबांचा एक घोळका समोरून आला. पाण्यावरच्या वाऱ्याने बिचारे कुडकुडत होते.

“आजोबा, टोप्या घ्या!” थोरल्याने सगळ्या गोळा करून वाटल्यासुद्धा. “परत नाही दिल्यात तरी चालेल!”

“आईंना काय सांगणार?” सुनेने विचारलं.

“पाण्यात पडली म्हणू.”

“सगळ्यांची?”

“वारा होता म्हणू!”

संध्याकाळी धुकं उतरलं. काकू जाग्या व्हायच्या आत चहा प्यायला म्हणून घरचे सगळे टपरीकडे पळाले. काकू उठून तळ्याच्या फाटकापाशी आल्या, तर धुक्यात पोपटी टोप्या शिस्तीत उभ्या! नाकापर्यंत मफलर गुंडाळलेले. काकूंचा ऊर भरून आला.

“चला, चला, बसा गाडीत!”

सगळे मुकाट्याने बसले. गोंडे बरोबर भरले. ड्रायव्हरने गाडी सोडली. काकूंना गाडी लागते, म्हणून त्या पुढे, ड्रायव्हरशेजारी. आज मागे भांडणं नव्हती, रडारड नव्हती. उलट कुणीतरी गाणं सुरू केलं आणि सगळ्यांनी सूर धरला! आणि मग गाण्यातूनच आवाज आला, “टोपी काय ऊबदार आहे हो! काढावीशीच वाटत नाही.”

काकूंनी पदराने डोळे टिपले. इतक्या वर्षांच्या विणकामाचं सार्थक झालं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. काका!

“अगं, कुठे आहेस?”

“गाडीत! आणि मागे बसून फोन कसले करता?”

“मागे कुठला? आम्ही सगळे फाटकापाशी काकडतोय!”

काकूंनी मागे वळून पाहिलं. गोंड्यांखालून अनोळखी, सुरकुतलेले, आनंदी चेहरे त्यांच्याकडे पाहून हसले.

“तुम्ही कोण? इथे कसे?” काकू किंचाळल्या.

“आता ते आम्हाला काय ठाऊक!” एक आजोबा म्हणाले. “दिवसभर कुणीतरी बसा म्हणतं, आम्ही बसतो. तुम्ही म्हणालात, बसलो!”

गाडी मागे फिरली. फाटकापाशी आजोबांच्या सहलीचा म्होरक्या रडकुंडीला आला होता. शेजारी काकूंचं अख्खं घर कान झाकून उभं. वाऱ्याचं कारण सांगायची आता सोयच उरली नव्हती. काकूंना सगळं कळलं आणि फार वाईट वाटलं. इतकं की ओरडायचंही त्या विसरल्या.

“ताई, ही परत द्यायची का हो?” उतरताना आजोबांनी टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरत विचारलं.

“मुळीच नाही!” काकू म्हणाल्या. “ज्याच्या डोक्यावर राहते, त्याची टोपी!”

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरच्या बाजूची काच अडकली ती वर जाईना. गार वारा थेट मागे.

“आई,” थोरला हळूच म्हणाला, “एखादी टोपी आहे का गं जास्तीची?”

काकूंनी स्वतःच्या डोक्यावरची काढून मागे फेकली. मग काय जुंपली! “माझा नंबर!” “तुमची पाच मिनिटं झाली, बाबा!” “वन्सं, सोडा आता!” घर येईपर्यंत ती एक टोपी साऱ्यांच्या डोक्यांवरून फिरत राहिली. काकू समोर पाहत, गालातल्या गालात हसत, विजयी मुद्रेने बसल्या होत्या.

सकाळी घरात एकाच माणसाला सर्दी झाली. काकूंना!