शिस्टरांच्या घरी ‘बरं’ला बंदी

सुमनबाई सोनकांबळे यांच्या घरात ‘बरं’ म्हणायला बंदी होती. शिव्या चालत. टँकर आल्यावर शिव्या आल्याशिवाय घागर भरत नाही, असं त्यांचं मतच होतं. पण कुणी ‘बरं’ म्हटलं की त्या हातातलं काम टाकून दाराकडं बोट दाखवत. ‘‘भायेर जा. परत आत ये.’’ मग बाहेर जायचं, चपला घालायच्या, पुन्हा काढायच्या, आत यायचं आणि बोलणं पहिल्यापासून सुरू करायचं. हा नियम दूधवाल्यालाही होता. तो बिचारा पुढे पुढे त्यांच्याशी नुसत्या मानेनं बोलायला लागला.

सगळं लातूर, निदान आमच्या माहितीतलं लातूर, त्यांना ‘शिस्टर’ म्हणायचं. म्हातारी माणसं ‘शिस्टरबाई’ म्हणायची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी किनवट, भोकर, बिलोली अशी फिरण्यात गेली होती. किनवटच्या जंगलातल्या गावांना त्या लसीची पेटी घेऊन पायी जायच्या. रिटायर झाल्यावर लातूरला एका खोलीत आणि एका ओट्यात येऊन राहिल्या. त्यांचे मालक रेल्वेत टीसी होते, ते आधीच गेलेले. मूलबाळ नव्हतं.

माणसाकडं बघायची त्यांची एक तऱ्हा होती. नवीन कुणी आलं की आधी बाही वर करायला लावायच्या आणि दंडावरची देवीच्या लसीची खूण बघायच्या. ‘‘ही माझी न्हाई. एवढं वाकडं मी टोचत न्हाई,’’ म्हणायच्या. आणि खूण त्यांची निघाली, तर तो माणूस मामलेदार असला तरी संपला. एका मोठ्या साहेबांबद्दल त्या भर रस्त्यात म्हणाल्या होत्या, ‘‘त्याचं काय सांगून राहिलास मला? सुई बघून खाटंखाली शिरला होता त्यो.’’ अधिकाऱ्याला भ्यायचं असतं हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

याच गुणावर त्यांचा दुसरा उद्योग उभा होता. खेड्यातनं कॉलेजला आलेल्या पोरांना शिष्यवृत्ती, फी माफी, वसतिगृहातली जागा मिळवून द्यायची. बौद्धवाड्यातली पोरं यायची, तांड्यावरची यायची, आमच्यासारखी कुणब्याचीही यायची. पोर म्हणजे ‘पेशंट’. फी माफी म्हणजे ‘इंजेक्शन’. त्यांना एकदा विचारलं, हे सगळं कामून करता? तर म्हणाल्या, ‘‘रिटायर झाले. टोचायला कुणी उरलं न्हाई.’’

अर्ज लिहून देणारे कचेरीबाहेर पुष्कळ बसायचे. शिस्टर अर्ज लिहीत नसत. त्या तालीम घ्यायच्या. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या माणसाचं काम कागदानं अडत नाही, उठून जाण्यानं अडतं. साहेब म्हणतो, उद्या या. आपला माणूस म्हणतो, बरं. आणि एसटीत बसून गावाला जातो. उद्या पुन्हा यायला भाडं नसतं, परवा पेरणी असते, आणि तेवढ्यात तारीख निघून जाते. म्हणून ‘बरं’ला बंदी.

तालमीत शिस्टर स्वतः साहेब व्हायच्या. मालकांचा टीसीचा काळा कोट खुंटीवरून काढून पांढऱ्या लुगड्यावर घालायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायच्या आणि एकदम पुण्याचं बोलायला लागायच्या. ‘‘आपण असं करा, उद्या या ना.’’ कोट गुडघ्यापर्यंत यायचा. हसू यायचं, पण हसलेला पेशंट बाहेर. समोर एक तिपाई असायची. त्या तिपाईवर बसायचं आणि काम झाल्याशिवाय उठायचं नाही, एवढाच सगळा अभ्यासक्रम.

आणखी एक गंमत सांगायची राहिली. त्यांच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात पत्र्याचा एकही डबा नव्हता. सगळं सामान पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. पास झालेले पेशंट पेढे आणायचे, पेढे वाटले जायचे, खोकं राहायचं. खोक्याला त्या पेशंटच्या गावाचं नाव. भोकरमध्ये मिरची, किनवटमध्ये जिरं, बिलोलीत साखर. ‘‘भोकर संपत आलं बघ,’’ असं त्या म्हणाल्या की नव्या माणसाला वाटायचं, तिथंही दुष्काळानं गाव उठलं.

दुष्काळ होताच. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता आणि पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिल्यासारखा आमच्याकडं फिरकला नव्हता. नव्या पाट्या लागत होत्या, नवे साहेब जीपमधून उतरत होते, आणि आमचं अख्खं घर रोजगार हमीवर खडी फोडत होतं. मी बारावी पास झालो होतो. आमच्या घरात बारावीपर्यंत गेलेला मी पहिलाच. कॉलेजात नाव लागलं, पण कमी उत्पन्नाचा दाखला दिला तरच फी माफ होणार होती. नाहीतर जागा दुसऱ्याला.

दाखला मिळाला. आणि तोच घोटाळा झाला.

त्याचं असं झालं. तलाठी चावडीत चौकशीला आले, त्याच दिवशी अक्काला बघायला उदगीरकडची मंडळी आली होती. ती वडलांबरोबर, म्हणजे दादांबरोबर, चावडीतच येऊन बसली. तलाठ्यांनी विचारलं, यंदा पीकपाणी कसं? आता होणाऱ्या व्याह्यांसमोर बसून कोण सांगणार, की काही पिकलं नाही? दादांनी ज्वारी सांगितली, हरभरा सांगितला, आटलेल्या विहिरीवर ऊसही उभा केला. व्याही खूश झाले. सोयरीक तिथंच पक्की झाली. तलाठ्यांनी सगळं इमानदारीनं लिहून घेतलं. कागदावर आम्ही बागायतदार झालो, आणि तो कागद खिशात घालून मी पुन्हा खडी फोडायला गेलो.

कॉलेजच्या शिपायानं दाखला बघून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकच सांगितलं, शिस्टरकडं जा. शनिवारी शेवटची तारीख होती.

शिस्टरांनी आधी माझा दंड बघितला. खूण त्यांची नव्हती. मग सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाल्या, ‘‘पेशंट तू न्हाईस. बापाला आण.’’

बुधवारी मी दादांना घेऊन आलो. दादा ओट्यावरच बसले. आत यायला ते बिचकत होते, आणि का बिचकत होते ते मला कळत होतं, शिस्टरांनाही कळत होतं. आमच्या गावात सोनकांबळ्यांची घरं ओढ्याच्या पलीकडं होती आणि दादा जन्मात कधी त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. शिस्टर त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. कोट घातला, खुर्चीवर बसल्या आणि आतून हाक दिली, ‘‘कोण आहे बाहेर? पाठवा आत.’’

साहेबाचा हुकूम म्हटल्यावर दादा उठले आणि आत आले. तिपाईवर बसले.

‘‘बोला. यंदा पीकपाणी कसं आहे?’’

दादा म्हणाले, ‘‘बरं हाय.’’

शिस्टरांनी दाराकडं बोट दाखवलं. दादा बाहेर गेले, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा आत आले. पुन्हा तेच विचारलं. ‘‘तसं बरंच हाय म्हणायचं.’’ बाहेर. तिसऱ्या खेपेला दादांनी ‘बरं’ टाळलं, पण पुन्हा ज्वारी उभी केली. बाहेर. साहेब म्हणाले उद्या या, आणि दादा सवयीनं उठून उभे राहिले. बाहेर. ज्या उंबऱ्यापाशी ते अडले होते, तो त्यांनी त्या दुपारी इतक्यांदा ओलांडला, की शेवटी चपला घालायचं त्यांनी सोडूनच दिलं. मला आधी हसू आलं, मग येईना. दादांना खरंच सांगता येत नव्हतं. खडी फोडताना ते कधी लाजले नव्हते. पण ‘माझं काही पिकलं नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडायला तयार नव्हतं.

शेवटी शिस्टरांनी चष्मा काढला. कोट काढून खुंटीला लावला. खुर्ची तिपाईजवळ ओढली आणि दवाखान्यात विचारायच्या तसं हळू विचारलं, ‘‘दादा, दुखतंय कुठं?’’

दादांनी खाली बघितलं.

‘‘ज्वारी गुडघ्याच्या वर आलीच न्हाई, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘हरभरा पेरलाच न्हाई. हिरीत गाळ हाय नुसता. बैलं छावणीत बांधलेत. पोरीचं सासर बसलं होतं समोर, म्हणून मी लबाड बोललो. आता ह्या पोराचं कसं करू, सांगा.’’

‘‘हेच सांगायचं,’’ शिस्टर म्हणाल्या. ‘‘असंच. आन् उठायचं न्हाई.’’

दादा उठले नाहीत. म्हणाले, ‘‘बाई, घोटभर पाणी मिळंल का?’’

पाण्याची ओढ सगळ्यांनाच होती. शिस्टरांनी तांब्या भरून आणला. दादांनी तो तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. शिस्टर तेवढा वेळ दुसरीकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. शिस्टर कधी कुणाबरोबर जात नसत. म्हणायच्या, डॉक्टर काय पेशंटच्या घरी खोकायला जातो का? कचेरीतली अवस्था काय सांगावी. नव्या जिल्ह्याचे कागद जुन्या जिल्ह्यातून पोत्यांत भरून आले होते आणि जागा नाही म्हणून व्हरांड्यात, खोलीत, जिथं तिथं रचून ठेवले होते. बाकं अजून आलीच नव्हती. दादांनी साहेबांना सगळं सांगितलं, अगदी दवाखान्यात सांगावं तसं. साहेब वाईट नव्हते, पण दमलेले होते. ‘‘नवा जबाब घ्यावा लागेल,’’ ते म्हणाले. ‘‘सोमवारी या.’’

दादांनी माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. मला वाटलं, गेलं. आता ‘बरं’ येतंय.

दादा वळले आणि जवळच्या एका पोत्यावर बसले.

आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एक कारकून काहीतरी शोधत शोधत त्या पोत्यापर्यंत आला. उठा म्हणाला. काम झालं की उठतो, दादा म्हणाले. कारकुनानं समजावलं, की पोत्यात कलेक्टर साहेबांना पाहिजे असलेले कागद आहेत. दादांनी त्याला आपुलकीनं सांगितलं, की पोतं कुठं जात नाही, मी धरून बसलोय. कारकून साहेबांकडं गेला. साहेबांनी मान वर करून बघितलं. दादा पोत्यावर असे बसले होते, की जणू पोतं त्यांच्याच रानातलं होतं आणि त्या साली तेवढंच पिकलं होतं.

साहेब हसले. कागद मागवला. जबाब झाला, तलाठ्यांना निरोप गेला, आणि शुक्रवारी दुपारी दुरुस्त दाखला माझ्या हातात पडला. व्याह्यांना पुढं सगळं कळलं. तेही आपल्या गावी खडीच फोडत होते, असं लग्नात निघालं.

दादा त्यानंतर लातूरला आले की शिस्टरांकडं जायचे. ओट्यावर न थांबता सरळ आत.

मी पदवीधर झालो. नांदेडला नोकरीची ऑर्डर आली तेव्हा पेढे घेऊन शिस्टरांकडं गेलो. त्यांनी ऑर्डर चष्म्याजवळ धरून वाचली, पेढा खाल्ला, बाकीचे शेजारी वाटायला पाठवले. मग खोकं झटकून फळीवर ठेवलं आणि विचारलं, ‘‘तुझ्यात काय ठेवू?’’ हळद ठेवा म्हणालो. नांदेडबद्दल बोलणं झालं, तिथलं पाणी, खोलीचं भाडं, खानावळ. एसटीची वेळ झाली तसा मी उठलो, पाया पडलो आणि म्हणालो, ‘‘येतो शिस्टर. दिवाळीला नक्की येतो.’’

‘‘बरं,’’ शिस्टर म्हणाल्या.

मी दारात चपला घालत होतो. एक पाय चपलेत होता. हा शब्द त्या घरात खुद्द शिस्टरांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि इतका सहज आला की तो त्यांच्या रोजच्या वापरातला असावा. मी वळून बघितलं. त्या खोकी नीट लावत होत्या. भोकर, किनवट, बिलोली, आणि नावं वाचता येत नव्हती अशी कितीतरी, छतापर्यंत गेलेली. प्रत्येक गावाचं एकच खोकं होतं. दुसऱ्यांदा पेढे कुणी आणले नव्हते. इथून निघताना ते सगळेच दिवाळीला नक्की येणार होते.

मी चपला काढल्या. आत गेलो आणि तिपाईवर बसलो.

शिस्टरांनी मागं वळून बघितलं. ‘‘काय राहिलं?’’

‘‘काही न्हाई.’’

‘‘गाडी जाईल.’’

‘‘जाऊ द्या.’’

त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. घातला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. ‘‘आपलं काय काम आहे?’’

‘‘काम काही न्हाई, साहेब.’’

‘‘मग आपण उद्या या ना.’’

मी बसून राहिलो. त्यांनी चष्मा वर सारला. मग कोट खुंटीला लावला, स्टोव्हला पंप मारला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘‘बसलाच हायस तर उठ जरा. बिलोलीतली साखर काढ.’’