इथं बाहेरचं हाये

मुकुंदाने परमुलखात राहायला जायचं ठरवलं, तेव्हा त्याचा मेहुणा सुधाकर आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, "पासपोर्ट काढला का जावईबापू?"

परमुलूख म्हणजे नागपूरहून बसने गाठायचं सौंसर. मध्ये राज्याची सीमा लागते आणि पाट्या हिंदी होतात, एवढंच. पण सुधाकरच्या घरात त्या दिवसापासून सौंसरला फॉरेन म्हणू लागले.

मुकुंदाचा धंदा प्रुफं तपासण्याचा. छापखान्यातून गठ्ठा टपालाने यायचा आणि चुका दुरुस्त होऊन टपालानेच परत जायचा. पोस्ट ऑफिस असलेल्या कुठल्याही गावात हे काम होऊ शकलं असतं. होत नव्हतं ते फक्त तो राहत होता त्या सुधाकरच्या घरात. तिथं रेडिओ, शिवणयंत्र आणि वहिनी, तिन्ही दिवसभर चालू. त्या गोंगाटात एका सत्काराच्या अंकात 'श्री.'च्या जागी 'कै.' राहून गेलं. सत्कारमूर्ती स्वतः छापखान्यात आले आणि मालकांच्या, म्हणजे बापूजींच्या टेबलासमोर तासभर जिवंत बसून राहिले.

"मुकुंदा," बापूजी म्हणाले, "आणखी एक माणूस मारलास की तुझं काम बंद."

काम बंद म्हणजे जन्मभर मेहुण्याची ओसरी. रजनीने, म्हणजे मुकुंदाच्या बायकोने, तर सांगूनच टाकलं होतं. "स्वतःचं दार असलेली जागा पाहा. कुठंही चालेल, पण दिवाळीच्या आत. वहिनीचे टोमणे आता मला गिळवत नाहीत." मुकुंदाने कागदावर गावं मांडली. पांढुर्ण्याचं भाडं झेपेना, बोरगावला खोली मिळेना, रामाकोन्यात ओळखीचं कोणी नव्हतं. सौंसरला मात्र यशवंतरावांच्या घराचं भाडं इतकं कमी निघालं की मुकुंदाने दोनदा विचारून खात्री केली.

घर दोन खोल्यांचं, कौलारू, मागे संत्र्याच्या बागेला टेकलेलं. घरमालक यशवंतराव उंबऱ्याबाहेरच थांबले.

"पह्यलेच सांगून देतो भाऊ, मागून म्हणू नका. इथं बाहेरचं हाये."

संडास बाहेर आहे, यात एवढं सांगण्यासारखं काय ते मुकुंदाला कळेना. "चालेल की," तो म्हणाला. "लहानपणी आमच्याकडंही बाहेरचंच होतं. सकाळी दहा-दहा जणांची रांग लागायची."

यशवंतरावांनी टोपी सारखी केली. "रांग?"

"तर काय. एक आत असला की दुसरा दारावर थापा मारायचा."

"अन् तुमी भ्याले नाई?"

"भ्यायचं काय त्यात? पावसाळ्यात जरा पंचाईत व्हायची, बस. डबा घेऊन जायचं, मोकळं होऊन यायचं."

यशवंतरावांनी हात जोडले, किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि मागे न बघता ते चालते झाले.

दुसऱ्या दिवशी मुकुंदाने घरामागे पुष्कळ शोधलं. नुसती बाग. शेवटी तो यशवंतरावांकडे गेला.

"ते बाहेरचं नेमकं कुठं आहे हो?"

"ते का एका जागी राह्यते काय, साहेब?" यशवंतराव आवाज खाली आणून म्हणाले.

"मग लोक जातात कुठं?"

"जामसांवलीले."

"एवढ्या लांब? रोज?"

"रोज नाई. मंगळवार-शनिवार."

"आणि मधल्या दिवशी?"

"सहन करा लागते."

त्या गावाच्या सोशिकपणाचं मुकुंदाला फार कौतुक वाटलं. स्वतःपुरती त्याने नाल्याकडची पायवाट हेरून ठेवली आणि कामाला बसला.

काम मोठं होतं. एका शिक्षक मंडळाची स्मरणिका, तिच्यात सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नऊशे सभासदांची यादी. बापूजींनी शेवटची संधी म्हणून दिलेली. मुकुंदाला प्रूफ मोठ्याने वाचायची सवय. दुपारची वेळ, बाग अशी गप्प की पान हललं तरी ऐकू यावं. त्याने पहिलं नाव वाचलं, "श्री. मोतीराम भाऊराव ठाकरे, काटोल."

"हूं," आतल्या खोलीतून आवाज आला.

गोष्ट ऐकणारं माणूस देतं तसा हुंकार. मुकुंद उठून आत गेला. खोलीत त्याची ट्रंक होती आणि गार भिंत होती. पलीकडे बागेत कोणी शेजारीण येऊन बसत असेल, असं म्हणून तो परत बसला. पुढचं नाव वाचलं. "हूं." त्याच्या पुढचं. "हूं." मग श्रीमती इंदू आल्या आणि भिंत गप्प राहिली. मुकुंदाने मानेवर आलेला काटा हाताने पुसला आणि मूळ प्रत पाहिली. इंदूचा 'दू' ऱ्हस्व पडला होता. त्याने दुरुस्त करून पुन्हा वाचलं.

"हूं."

असं रोज चालू झालं. चूक असली की भिंत गप्प, बरोबर असलं की हूं. शेजार सुशिक्षित लागला म्हणून मुकुंद खूश झाला. तरी हुंकार आला की पाठीतून बारीकशी गार शिरशिरी जायचीच, आणि दुपार कलायच्या आत तो गठ्ठा बांधून ठेवायचा.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी पत्रावळ होती. दहीभात, नारळ, लिंबू, वर हळदकुंकू. गावाने त्या घरासाठी ठेवलेला तो उतारा होता. मुकुंदाने तो नव्या भाडेकरूचा पाहुणचार समजून खाल्ला. लिंबाचं कुंकू धुऊन सरबतही केलं. रस्त्यापलीकडून कलाबाई नावाच्या बाईने सकाळी भरलेली पत्रावळ पाहिली आणि दुपारी रिकामी पाहिली. मग त्या बाजूने चालणं लोकांनी सोडलंच. मुकुंदाने रजनीला लिहिलं, 'महागाई अजिबात नाही. लोक दाराशी जेवण आणून ठेवतात. शेजारणीचं शुद्धलेखन उत्तम. बाहेरचं आहे, पण तुला चालेल. ये.'

बापूजींचंही कार्ड आलं. 'पाठवलेल्या पानांत चूक एकही नाही. परदेश मानवला.'

रजनी यायच्या दिवशी मुकुंदाला वाटलं, शेजारणीचे आभार मानावेत. कलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"तुमचा फार आधार झाला बाई," तो म्हणाला. "भिंतीपलीकडून हूं देता ना, त्यानं माझं काम वाचलं."

कलाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "कोणत्या भितीपलीकडून? माह्यं घर तं हे रस्त्याच्या इकडं हाये. तुमच्या भितीमागं बागच हाये, तिथं कोणी पाय ठेवत नाई ना बाप्पा."

"मग हूं कोण म्हणतं?"

"बाहेरचं हाये तिथं. मालकानं सांगतलं नाई तुमाले?"

एका शब्दाचे दोन अर्थ असतात हे मुकुंद पोटासाठी रोज तपासत होता. यातला दुसरा त्याला भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध कळला. जामसांवलीला लोक मारुतीकडे भूत उतरवायला जात होते, आणि दहीभात, नारळ, लिंबू हा पाहुणचार नव्हता. आणि तेवढ्यात रिक्षातून रजनी उतरली, दोन ट्रंका, स्टोव्ह आणि पाण्याची कळशी घेऊन.

त्याने तिला रस्त्यातच सगळं सांगितलं. रजनी घाबरली, तिचा रंगच उतरला. पण ट्रंकेवरचा हात तिने काढला नाही.

"त्रास देतं का?"

"नाही. हूं म्हणतं."

"मध्ये मध्ये बोलतं?"

"नाही."

"कोणाचं खाता, कोणाच्या घरी राहता, असं काही?"

"अगं, भूत आहे ते."

"मग काय, दादाकडं परत जायचं?" रजनीने पदर खोचला. "चला आत. शेवटची पानं उद्या जायची आहेत ना?"

ती मूळ प्रत धरून भिंतीपासून शक्य तितक्या लांब बसली. मुकुंद वाचू लागला. "हूं," आतून आलं. तिने कागद घट्ट धरला, पण ती उठली नाही. पानावर पान गेलं. मग त्याने वाचलं, "श्री. सुखदेव कवडू डोंगरे, सौंसर."

शांतता.

"प्रतीत तसंच आहे," रजनी पुटपुटली. त्याने पुन्हा वाचलं. शांतता. अक्षर अक्षर सुटं करून वाचलं. आता खोली इतकी गार आणि गप्प पडली की दोघांनाही आपापला श्वास ऐकू येऊ लागला. आतून कोणीतरी वाट बघत होतं. रजनी उठली, दारात गेली आणि तिने कलाबाईंना विचारलं, "मावशी, सुखदेव डोंगरे कोण हो?"

"गुरुजी? ते तं याच घरात राहत होते. वारले, तीन वर्सं झाले. शुद्धलेखनाचे लई कडक. साऱ्या गावाच्या चुका काढल्या मानसानं."

मुकुंदाने पेन उचललं. मागे त्याने जिवंत माणूस मारला होता, आणि हा बिचारा मेलेला माणूस शेकडो नावं ऐकत आपल्या नावातल्या एका चुकीसाठी ताटकळत बसला होता. मुकुंदाचे डोळे भरून आले. त्याने 'श्री.' खोडलं, समासात नीट अक्षरात 'कै.' लिहिलं आणि वाचलं, "कै. सुखदेव कवडू डोंगरे, सौंसर."

"हूं." या वेळी लांब, डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखा.

पुढच्या नावाला हूं आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. नावं बरोबर होती, मुकुंदाने तीनदा पाहिली. बागेत एक साळुंकी ओरडली, आणि घर नुसतं घर होऊन राहिलं. भीती गेली खरी, पण मुकुंदाला चक्क एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी यशवंतराव आले. रजनी आल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. ते उंबऱ्याबाहेर उभे राहून आत वाकून बघू लागले.

"कसं काय भाऊ? बाहेरचं काय म्हणते?"

मुकुंदाचा जन्म खरंखोटं ताडून पाहण्यात गेलेला. "आता तसं काही राहिलं नाही," तो म्हणाला. "कालच—"

"नाई राह्यलं?" यशवंतरावांनी एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. "असं म्हणता? मंग भाऊ, भाड्याचं जरा आपल्याले—"

"हूं," आतल्या खोलीतून आलं. लांब आणि खोल.

यशवंतरावांचा पाय बाहेर गेला, पाठोपाठ यशवंतराव गेले. एक वहाण मागेच राहिली. मुकुंदही भिंतीला चिकटला होता. आतून रजनी हसू दाबत आली, कोपरापर्यंत कणकेने भरलेली.

"सापडलेली प्रत्येक चूक काही लगेच दुरुस्त करायची नसते," ती म्हणाली. "कळलं का?"

मुकुंदाने वहाण उचलून दाराबाहेर नीट ठेवली.

"हूं," तो म्हणाला.